दिवा शेवटी निवडा: प्लांटेड टँकसाठी मेटल हॅलाइड

उन्हाळ्याच्या तोंडावर ओढ्याचं पाणी गुडघ्याएवढं उरतं, तेव्हा तळाच्या वाळूवर उन्हाची एक जाळी हलत असते. पाणी वरून शांत दिसतं, जाळी मात्र क्षणभरही थांबत नाही. घरातल्या प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे मासे आणि जिवंत पाणवनस्पतींच्या काचेच्या टाकीत, ही जाळी उतरवायची, तर प्रकाश एका छोट्या जागेतून यावा लागतो. ट्यूबलाइटची लांब नळी सगळीकडे सारखा, पसरट उजेड टाकते आणि लाटांचे कवडसे त्यात पुसून जातात. मेटल हॅलाइड दिव्यात बोटाच्या पेराएवढ्या नळीत विजेची कमान पेटलेली असते. सगळा प्रकाश तिथूनच निघतो, म्हणून टँकच्या तळाशी ओढ्यातल्यासारखी जाळी नाचते.

या जाळीच्या मोहात पडून बरेच जण आधी दिवा घेऊन येतात आणि मग त्याच्याखाली टँक बसवायला लागतात. मी सुरुवातीला तेच केलं. अडीचशे वॅटचा दिवा, जेमतेम दीड फूट उंचीचा टँक आणि कार्बन डायऑक्साइडचा पत्ता नाही. तीन आठवड्यांत काचा, दगड, पानं, सगळ्यावर हिरवा थर चढला. दिव्याचा दोष काहीच नव्हता. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे: आधी टँक, मग झाडं, मग खोली, आणि दिवा या सगळ्यानंतर.

घ्यायचा की नाही

आज नवा टँक लावणाऱ्याला दुकानदार एलईडीच दाखवेल, आणि बहुतेक घरांसाठी तेच बरोबर आहे. तेवढ्याच प्रकाशाला एलईडी बरीच कमी वीज खाते, तिचा उजेड कमी-जास्त करता येतो आणि तिची गरमी पाण्यावर न पडता वरच्या पंख्यांतून निघून जाते. एकाच मोठ्या चिपची एलईडी लावली तर कवडसेही मिळतात.

तरीही मेटल हॅलाइडला जागा उरते. टँक खोल असेल, वरून उघडा असेल, खोली थंड किंवा निदान हवेशीर असेल आणि रंग खरे दिसायला हवे असतील, तर हा दिवा अजूनही सुंदर काम करतो. दुसरं कारण व्यवहारातलं आहे. दुकानं, शोरूम आणि सभागृहं आपले जुने मेटल हॅलाइड काढून एलईडी लावत आहेत, त्यामुळे सत्तर आणि दीडशे वॅटची चांगली फिटिंग वापरलेली, स्वस्तात मिळू शकतात.

जपानच्या नीगातामधले ताकाशी अमानो (१९५४–२०१५) हे पाणवनस्पतींचे टँक सजवण्यात नावाजलेले. त्यांनी १९८२ मध्ये एडीए ही टँकचं सामान बनवणारी कंपनी सुरू केली. त्यांच्या उघड्या टँकवर टांगलेले मेटल हॅलाइडचे दिवे पाहूनच जगभरच्या हौशी लोकांना या दिव्याचं वेड लागलं. त्यांच्या एका गाजलेल्या फिटिंगमध्ये दीडशे वॅटचा एक मेटल हॅलाइड आणि दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब अशी जोडी होती. या जोडीचा उपयोग पुढे सांगतो.

टँक झाकणाचा असेल, छत फार खाली असेल, खोली थेट गच्चीखाली असून एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखी तापत असेल, किंवा घरातलं रांगतं मूल दिव्यापर्यंत पोचू शकत असेल, तर हा दिवा घेऊ नका.

पहिली पायरी: टँक मोजा

टेप घ्या आणि तीन मापं कागदावर लिहा: लांबी, रुंदी, आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून मातीपर्यंतची खोली. काचेची उंची इथे उपयोगाची नाही. पंचेचाळीस सेंटिमीटर उंच टँकमध्ये सहा सेंटिमीटर माती आणि वर चार सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, तर झाडाच्या दृष्टीने पाणी पस्तीसच सेंटिमीटर खोल आहे.

लिटरमागे इतके वॅट हा जुना हिशेब विसरून जा. तो ट्यूबलाइटच्या काळातला आहे आणि मेटल हॅलाइडला तर मुळीच लागू पडत नाही. या दिव्याचा प्रकाश शंकूसारखा खाली उतरतो. शंकूचा गोल मातीवर केवढा पडतो, हे महत्त्वाचं. चांगल्या रिफ्लेक्टरचा, पाण्यापासून फूटभर उंच टांगलेला एक दिवा साधारण साठ बाय साठ सेंटिमीटर जागा नीट उजळतो. त्याच्या बाहेर उजेड भराभर उतरतो. म्हणजे चार फुटी टँकला मधोमध एक मोठा दिवा लावण्यापेक्षा दोन लहान दिवे कधीही चांगले. एका दिव्याखाली मधलं झाड जळतं आणि कोपऱ्यातलं अंधारात राहतं.

दुसरी पायरी: झाडं आणि त्यांचं खाणं

झाडाला किती प्रकाश मिळतो ते पीएआर या मापात मोजतात. झाडाला वापरता येणारे, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात, त्याचा हा आकडा असतो. भर दुपारचं लख्ख ऊन २००० च्या आसपास असतं. आपल्या टँकला त्याचा अगदी लहानसा हिस्सा पुरतो. अनुबियास, जावा फर्न, मॉस आणि बहुतेक क्रिप्टोकोरिन मातीजवळ ३० पर्यंत खूश असतात. दांड्याची बरीचशी झाडं ४० ते ७० मध्ये छान वाढतात. बुटका दाट गालिचा आणि लालबुंद रोटाला हवा असेल तर ८० ते १०० च्या पुढे जावं लागतं.

इथेच नवशिक्याची गाडी घसरते. प्रकाश म्हणजे झाडाची भूक. प्रकाश वाढवला की झाड जास्त कार्बन डायऑक्साइड मागतं, जास्त नायट्रेट, पोटॅश आणि लोह मागतं. ते मिळालं नाही की झाड वाढायचं थांबतं आणि त्याच्या ताटात उरलेलं अन्न शेवाळ खातं. म्हणून माझा नियम साधा आहे: सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडायची तयारी नसेल, तर मेटल हॅलाइड घेऊच नका. साखर-यीस्टच्या बाटलीचा वायू कधी जास्त, कधी कमी येतो. एवढ्या प्रकाशाखाली हे चढउतार काळ्या केसाळ शेवाळाला आमंत्रण देतात.

सिलिंडर असेल तर पाण्यात किती वायू आहे ते रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर टँकमध्ये लावा. त्यात चार डिग्री कार्बोनेट कठीणतेचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब असतात. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, आणि पिवळा म्हणजे माशांना धोका. चेकरचा रंग तासा-दोन तासांनी बदलतो, म्हणून वायू दिव्याच्या दोन तास आधी सुरू करा. दिवा लागेल तेव्हा चेकर हिरवा असायला हवा.

लाल झाडांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. रोटाला मॅक्रँड्रा या जगभर मिरवणाऱ्या लाल झाडाचं मूळ आपल्या पश्चिम घाटातच आहे. ते दुकानातून घ्या, कुठल्याही ओढ्यातून उपटून आणू नका. कासच्या पठारावरचा वायतुरा ही पाणवनस्पती तर सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच उरलेली आहे. पावसाळ्यात त्याचे तुरे पाहून हात शिवशिवले, तरी तो तिथेच राहू द्या. तो टँकमध्ये जगणारही नाही आणि पठारावरून मात्र कमी होईल.

तिसरी पायरी: खोली पाहा

मेटल हॅलाइडच्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि त्यातली बरीच सरळ खाली पाण्यावर येते. दीडशे वॅटचा एक दिवा शंभर-दीडशे लिटरचं पाणी दिवसभरात दोन-तीन अंशांनी सहज वर नेतो. पुण्यात जानेवारीत हे वरदान आहे. नागपुरात मेमध्ये हीच आपत्ती. बहुतेक झाडांना २२ ते २८ अंश मानवतं. तीसच्या वर पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि झाडं नुसती दांडे लांबवतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा रोखलेला छोटा पंखा. पाणी उडून जाताना गारवा देतं, माठात होतं तसंच. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत याने तीन-चार अंश उतरतात. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवाच दमट असते, तिथे फार तर एखादा अंश. म्हणून किनाऱ्यावरच्या घरात उन्हाळ्याचा विचार करून वॅट एक पायरी खालचे घ्या. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला. नळाचं घातलं तर क्षार साठत जातात, कारण उडतं ते पाणीच, क्षार खालीच राहतात.

मग छत पाहा. फिटिंग दोन ते पाच किलोंची असते आणि तिला स्लॅबमध्ये अँकर फास्टनर लागतो. पीओपीच्या खोट्या छताला ती कधीही टांगू नका. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल, तर टँकच्या स्टँडला मागून पाइप वेल्ड करून वर आडवा हात काढता येतो. फॅब्रिकेटरला अर्ध्या दिवसाचं काम आहे. सोफ्यावर बसल्यावर दिव्याची नळी थेट डोळ्यांत येते का, तेही बसून पाहा. तो उजेड फार तीव्र असतो आणि रोज संध्याकाळी त्रास देतो.

आणि बिल. दीडशे वॅटचा दिवा तांब्याच्या चोकसकट सुमारे १७० वॅट ओढतो. रोज आठ तास धरले तर महिन्याला साधारण ४१ युनिट. तुमच्या वीजबिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा, कारण हे युनिट त्याच टप्प्यात पडणार.

चौथी पायरी: आता दिवा

वॅट ठरवायला माझा अंदाज असा. दोन फुटी, पस्तीस-चाळीस सेंटिमीटर खोल टँकला ७० वॅट. तीन फुटी, पंचेचाळीस सेंटिमीटर खोल टँकला १५० वॅटचा एक. चार फुटीला १५० चे दोन. साठ सेंटिमीटरपेक्षा खोल टँक असेल तरच २५० चा विचार करा. ४०० वॅटचे दिवे समुद्री प्रवाळांच्या खोल टँकसाठी ठीक आहेत. गोड्या पाण्याच्या घरगुती टँकमध्ये ते शेवाळाची शेती करतात.

दिव्याच्या आतली कमान ज्या नळीत पेटते ती दोन प्रकारची असते: क्वार्ट्झची आणि सिरॅमिकची. नळीत पारा, आर्गॉनसारखा वायू आणि धातूंचे क्षार असतात. क्षारांच्या मिश्रणावर प्रकाशाचा रंग ठरतो. क्वार्ट्झची नळी वापरता वापरता झिजते आणि रंग सरकत जातो. दोन दिवे एकाच दिवशी घेतले तरी वर्षाने एक हिरवट आणि एक गुलाबी दिसू शकतो. सिरॅमिकचा रंग बराच स्थिर राहतो आणि झाडं-मासे जास्त खरे दिसतात. मिळत असेल तर मी सिरॅमिकच घेईन.

दोन्ही टोकांना टोपी असलेला दिवा आरएक्स७एस होल्डरमध्ये बसतो. सत्तर वॅटचा साधारण साडेअकरा सेंटिमीटर लांब असतो, दीडशेचा तेरा-साडेतेरा. दिसायला सारखे, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुना दिवा सोबत घेऊनच दुकानात जा. दोन टोकांचा दिवा आडवाच जळायला हवा. उभा लावला तर लवकर मरतो. एका बाजूला दोन पिना असतील तर तो जी१२. आणि नेहमीच्या बल्बसारखे आट्यांचे म्हणजे ई२७, मोठ्या वॅटला ई४०.

आता रंग. दुकानात केल्विनचा आकडा ऐकाल. नवशिक्याला वाटतं ६५०० केल्विनला झाड वाढतं आणि ४००० ला नाही. तसं नाही. ४००० पासून १०,००० पर्यंत झाडं व्यवस्थित वाढतात. फरक तुमच्या डोळ्याला दिसतो. ४००० ला पाणी उबदार पिवळसर दिसतं आणि लाल झाडं पेटतात. ६००० ते ८००० ला हिरवा स्वच्छ आणि ताजा दिसतो. १०,००० ला थंड, किंचित निळसर. १४,००० आणि २०,००० चे निळे दिवे प्रवाळांसाठी बनवलेले असतात, ते सोडा.

सिरॅमिक दिव्यावर तीन आकडी संख्या छापलेली असते. ती वाचायला शिका. ९४२ मधला पहिला ९ म्हणजे रंग दाखवण्याचा निर्देशांक नव्वदीच्या घरात, आणि ४२ म्हणजे ४२०० केल्विन. ८३० म्हणजे निर्देशांक ऐंशीच्या घरात आणि ३००० केल्विन, कपड्यांच्या दुकानात दिसतो तो पिवळट उजेड. शोरूममधून उतरवलेल्या फिटिंगमध्ये बहुधा ८३० चाच दिवा निघतो. फिटिंग ठेवा आणि दिवा बदलून घ्या.

फिटिंगची पुढची काच ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. दोन टोकांच्या क्वार्ट्झ दिव्यातून अतिनील किरण निघतात. डोळ्यांना आणि कातडीला ते घातक असतात, आणि ही काच ते अडवते. दुसरं म्हणजे आयुष्य संपत आलेला दिवा क्वचित फुटतो. आतली नळी शेकडो अंश तापलेली असते, आणि तुकडे टँकमध्ये पडण्यापासून ही काचच वाचवते. मत्स्यप्रेमाच्या भरात कोणी सांगेल की काच काढली की उजेड वाढतो. त्याचं ऐकू नका. काच तडकलेली असेल तर ती बदलेपर्यंत दिवा लावू नका. आणि बदलायची तीही तशीच, उष्णता सहन करणारी टेम्पर्ड काच. फोटोफ्रेमवाल्याकडची साधी काच तडकून जाईल.

पाचवी पायरी: चोक, इग्नायटर, कपॅसिटर

मेटल हॅलाइड थेट प्लगमध्ये लावता येत नाही. तो पेटायला काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका लागतो, तो इग्नायटर देतो. पेटल्यावर प्रवाह आवरायला चोक लागतो. तांब्याच्या चोकसोबत पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर: ७० वॅटला १२ मायक्रोफॅरड, १५० ला २०, २५० ला ३२.

चोक आणि दिवा एकाच वॅटचे हवेत, आणि चोक मेटल हॅलाइडसाठीचाच हवा. दीडशेचा चोक सत्तरच्या दिव्याला लावला तर दिवा काही दिवसांत काळा पडतो किंवा फुटतो. दिव्याच्या खोक्यावर चोकचा प्रकार लिहिलेला असतो. तेवढं वाचून घ्या आणि गरज पडली तर खोक्याचा फोटो दुकानदाराला दाखवा. मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे हे सगळं सुटं मिळतं. मत्स्यालयाच्या दुकानात विचारलं तर बहुतेकदा जास्त पैसे जातात आणि निवड कमी असते.

इलेक्ट्रॉनिक चोक मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. तो हलका असतो, कमी तापतो, गुणगुणत नाही आणि प्रकाश थरथरत नाही. झोपायच्या खोलीत टँक असेल तर तांब्याच्या चोकची घूं रात्री ऐकू येते. तो घ्यावाच लागला, तर लाकडी फळीवर रबर घालून बसवा आणि स्टँडच्या बंद कपाटात न ठेवता हवा खेळेल अशा जागी ठेवा. पाण्याच्या पातळीखाली, जिथे थेंब पडू शकतो तिथे, कधीही नाही.

सहावी पायरी: टांगणं आणि वायरिंग

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं.

टँकच्या सगळ्या उपकरणांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा. बरेच इलेक्ट्रिशियन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. पाण्यात हात असताना गळती झाली तर हाच तुमचा जीव वाचवतो. फिटिंगच्या धातूला अर्थिंग हवंच, आणि घरातलं अर्थिंग खरंच जिवंत आहे का ते त्याला तपासायला लावा. इग्नायटरपासून दिव्यापर्यंतची वायर उच्च व्होल्टेज आणि उष्णता सहन करणारी, सिलिकॉनच्या आवरणाची हवी, आणि इग्नायटरवर लिहिलेल्या अंतरापेक्षा ती लांब नको. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली ठिबकतं, बोर्डात शिरत नाही. आणि दिवा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते, तिथे लगेच हात घालू नका.

नवा दिवा बसवताना काचेला उघडं बोट लावू नका. स्वच्छ कापडाने किंवा हातमोजे घालून धरा. बोटाचं तेल तापून काचेवर डाग पडतो आणि तिथून ती कमकुवत होते. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसा.

फिटिंग टांगताना साखळी किंवा उंची बदलता येणारी स्टीलची तार वापरा, कारण हा दिवा मंद करता येत नाही. तुमच्या हातात उंची हाच एक खटका आहे. पाण्यापासून ३० सेंटिमीटर ही सगळ्यात खालची उंची धरा. त्याहून खाली आणला तर पाण्याचे शिंतोडे तापलेल्या काचेवर उडतात. पाणी ४० सेंटिमीटर खोल असेल, तर दिवा ३० वरून ६० वर नेल्यावर मातीजवळचा उजेड ढोबळमानाने निम्म्यावर येतो. प्रत्यक्षात रिफ्लेक्टरमुळे घट थोडी कमी होते, पण दिशा हीच.

पीएआर मीटर महाग असतो. त्याऐवजी टँक रिकामा असतानाच फोनमधलं लक्समीटर ॲप वापरा. फोन मातीच्या उंचीवर, पडदा वर करून ठेवा आणि पाच-सहा ठिकाणी आकडा लिहा. या दिव्यांना साधारण ७० लक्स म्हणजे पीएआरचा एक, असा अंदाज धरता येतो. म्हणजे ३५०० लक्सला सुमारे ५०. फोनचा आकडा कच्चा असतो, पण मध्य आणि कोपरा यांत केवढा फरक आहे ते तो अगदी बरोबर दाखवतो. कोपऱ्यात मध्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी येत असेल, तर दिवा वर न्या किंवा दुसरा लावा. नाहीतर तिथे क्रिप्टोकोरिन आणि अनुबियास लावून मोकळे व्हा. सावलीत सुखी राहणारी झाडं सावलीत लावणं ही तडजोड मानू नका. ओढ्यातही तसंच असतं.

उघड्या टँकमधून मासे उडी मारतात. पाण्याची पातळी काठापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवा.

सातवी पायरी: टायमर आणि भारनियमन

टायमर हवाच, रोज हाताने दिवा लावणाऱ्याचे तास कधीच सारखे राहत नाहीत. चोकचा भार सोसेल असा टायमर घ्या, स्वस्तातल्या टायमरचे संपर्क चिकटून बसतात आणि दिवा रात्रभर जळत राहतो. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. आपल्याकडे गावात रोज दोन तास वीज जात असेल, तर आठवड्यात तुमचा टँक पहाटे जागा आणि दुपारी झोपलेला सापडेल. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

वीज जाऊन लगेच आली तरी हा दिवा लगेच लागत नाही. नळी गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दिवा बिघडला असं समजून पुन्हा पुन्हा खटका दाबू नका. इग्नायटर घेताना मात्र ठरावीक वेळाने आपोआप थांबणारा घ्या, म्हणजे तो मेलेल्या दिव्यावर दिवसभर झटके मारत राहणार नाही. घरच्या इन्व्हर्टरवर हा दिवा चालवू नका. वीज नसताना तासभर अंधार झाडाला काही करत नाही, इन्व्हर्टर हवेच्या पंपासाठी राखा.

थंड दिवा पेटल्यावर पूर्ण उजेडाला तीन-चार मिनिटं घेतो. आधी निळसर-जांभळा मिणमिणता, मग हळूहळू पांढरा. मला हे पाहायला अजून आवडतं, आणि माशांनाही दचकायला होत नाही.

आठवी पायरी: पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे पाच तास, दिवा ४५ ते ५० सेंटिमीटरवर. झाडं मुळं धरत असतात, तेव्हा त्यांना उजेडाची घाई नसते. दर आठवड्याला दोनदा निम्मं पाणी बदला. तिसऱ्या आठवड्यात नवी पानं दिसू लागली, तर सहा तास करा. चौथ्या-पाचव्यात दिवा हळूहळू खाली आणा, एका वेळी पाच सेंटिमीटर. तास आणि उंची एकाच आठवड्यात बदलू नका. दोन्ही बदललं आणि शेवाळ आलं, तर कशामुळे आलं ते कळणारच नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत सात-आठ तासांवर या आणि तिथेच थांबा.

ट्यूब आणि मेटल हॅलाइड दोन्ही असलेली फिटिंग असेल, तर ट्यूब आठ तास ठेवा आणि मेटल हॅलाइड मधले तीन-चारच तास. दुपारच्या उन्हासारखं. उष्णता आणि बिल दोन्ही बरीच उतरतात, आणि झाडं तक्रार करत नाहीत. उन्हाळ्यात ही सोय फार कामी येते. नोकरी करणाऱ्यांनी ते तास संध्याकाळी ठेवावेत, म्हणजे कवडसे पाहायला घरात कोणी असेल.

काय बिघडतंय ते टँक सांगतो. दांड्याच्या झाडांचे पेरे लांब-लांब आणि खालची पानं गळत असतील, तर उजेड कमी. काचेवर दोन-तीन दिवसांत हिरवी धूळ बसत असेल, तर उजेड जास्त किंवा तास जास्त. पानांच्या कडांवर काळे केस दिसले, तर आधी कार्बन डायऑक्साइड तपासा. शेंडे पांढरे पडत असतील, तर लोह आणि इतर खतं कमी पडताहेत. यातल्या चारपैकी तीन वेळा उत्तर जास्त उजेड हे नसतं.

नववी पायरी: दिवा बदलणं

दिवा विझायची वाट पाहू नका. रोज आठ तास धरले तर वर्षाला सुमारे २९०० तास होतात, आणि त्यानंतर उजेड आणि रंग दोन्ही उतरू लागतात. डोळ्यांना कळत नाही, कारण घट रोज कणाकणाने होते. क्वार्ट्झचा दिवा वर्षाने, सिरॅमिकचा दीड-दोन वर्षांनी बदला. बसवल्याची तारीख मार्करने फिटिंगच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. नवा दिवा लावला की फिटिंग दहा सेंटिमीटर वर घ्या आणि दोन आठवड्यांत पुन्हा खाली आणा, कारण जुन्याला सरावलेल्या झाडांना नव्याचा उजेड एकदम जास्त होतो. रिफ्लेक्टर आणि पुढची काच दर महिन्याला, दिवा पूर्ण गार झाल्यावर, ओल्या कापडाने पुसा. पाण्याच्या वाफेचे पांढरे डाग बराच उजेड खातात.

जुन्या दिव्यात पारा असतो. तो कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, घंटागाडीतला माणूस तो उघड्या हाताने दाबणार आहे. नव्या दिव्याच्या खोक्यात जुना गुंडाळा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कायद्याने पारा असलेले दिवे ई-कचऱ्यातच मोडतात. घरात फुटलाच, तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, सगळ्यांना पंधरा मिनिटं बाहेर काढा, आणि तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा.